एकवीस नोंदी: पाईक रिव्हर कोळसा खाणीचं प्रकरण

न्यूझीलंडच्या पाईक रिव्हर कोळसा खाणीत 19 नोव्हेंबर 2010 रोजी स्फोट झाला आणि 29 माणसं गेली. हे प्रकरण मी स्फोटापासून सांगायला घेत नाही, कारण ते त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. आधीच्या 48 दिवसांत खाणीतल्या माणसांनी मिथेन स्फोटक पातळीला पोचल्याचं 21 वेळा लिहून दिलं होतं. त्याहून कमी, पण तरीही धोक्याच्या पातळीच्या आणखी 27 नोंदी होत्या. स्फोट झाला त्या दिवशी सकाळीसुद्धा जादा मिथेनची नोंद झाली होती.

मिथेन कोळशातूनच निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली असेल तर तो पेट घेत नाही आणि पंधरा टक्क्यांच्या वर गेलं तर जळायला प्राणवायू पुरत नाही. मधला पट्टा जिवावरचा. म्हणूनच पाच टक्के होईपर्यंत थांबायचं नसतं. साधारण सव्वा टक्क्याला वीज तोडायची आणि दोन टक्क्यांना माणसं बाहेर काढायची, हा कोळसा खाणींतला दंडक आहे. हे माहीत असलेल्या माणसाने 'पाच टक्क्यांच्या वर' असं 48 दिवसांत 21 वेळा वाचलं, तर त्याच्या पोटात गोळा यायला हवा. पाईक रिव्हरमध्ये या नोंदी एकत्र मांडून कुणी वाचल्याच नाहीत. हे प्रकरण मला पुन्हा पुन्हा अभ्यासावंसं वाटतं ते याच कारणाने. धोका लपलेला नव्हता. रोज पाळीच्या शेवटी तो कागदावर उतरत होता.

खाण कशी होती

दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ग्रेमाउथ गावापासून साधारण 46 किलोमीटरवर, पापारोआ पर्वतरांगेच्या पोटात ही खाण होती. वरचं जंगल संरक्षित. त्यामुळे डोंगरावर रस्ते काढणं, जागोजागी भोकं पाडून थराचा अंदाज घेणं या सगळ्याला मर्यादा होत्या आणि खर्चही भरपूर. कंपनीने कमी भोकांवर भागवलं. जमिनीखाली थर कुठे तुटलाय, कुठे वर-खाली झालाय याचं चित्र अपुरं राहिलं आणि पुढे जी जी अडचण आली तिचं मूळ बऱ्याचदा या अपुऱ्या चित्रात सापडतं.

आत जायला एकच बोगदा होता. सुमारे 2.3 किलोमीटर लांब, कठीण दगडातून खोदलेला, आत जाताना हळूहळू चढत जाणारा. खाणीत चढाने जाण्याचा फायदा असा, की पाणी आपोआप बाहेर वाहतं. तोटा असा, की मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि चढाच्या वरच्या टोकाला, म्हणजे जिथे माणसं काम करतात तिथे, साठायला बघतो. अशा खाणीत हवा सतत खेळती राहिलीच पाहिजे.

हवा आत यायची या बोगद्यातून आणि बाहेर पडायची डोंगरातून सरळ वर गेलेल्या, शंभर मीटरहून थोड्या अधिक उंचीच्या उभ्या विवरातून. हे विवर खोदून झालं आणि 2009 च्या सुरुवातीला त्याचा तळाकडचा भाग ढासळला. तो पुन्हा उभा करण्याऐवजी बाजूने अडीच मीटर चौरसाचा एक अरुंद वळसा काढून विवराच्या वरच्या भागाला जोडला. हवा जायला वाट झाली आणि काम पुढे सरकलं.

आता पंख्याकडे येतो. कोळसा खाणीचा मुख्य पंखा जमिनीवर ठेवतात, आणि त्यामागचं कारण साधं आहे. आत स्फोट झाला तरी पंखा शाबूत राहावा, आणि पंख्याची मोटर हीच ठिणगीचं कारण होऊ नये. पाईक रिव्हरने मुख्य पंखा जमिनीखाली, विवराच्या तळाशी बसवला. वायू असलेल्या कोळसा खाणीत असं करणारी ही जगातली पहिलीच खाण असल्याचं पुढे चौकशी आयोगाने नोंदवलं. त्याची मोटरही स्फोटक वातावरणात चालेल अशा बनावटीची नव्हती. डोंगरमाथ्यावर पंखा बसवायचा आणि सांभाळायचा तर खर्च आणि परवानग्या दोन्हींचा प्रश्न, म्हणून तो खाली आला. तो आत बसवायचं ठरल्यावर त्याचे धोके स्वतंत्रपणे बसून तपासायला हवे होते. ती तपासणी जशी व्हायला हवी होती तशी झाली नाही, आणि ज्याच्या हातात फक्त हवेचाच हिशेब असेल असा वायुवीजन अभियंताही खाणीत नव्हता. ती जबाबदारी खाण व्यवस्थापकाच्या इतर शंभर कामांत मिसळून गेली होती.

दुसरी वाट म्हणजे शिडी

प्रत्येक भूमिगत खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. एक बंद झाली तर दुसरी. पाईक रिव्हरमध्ये दुसरी वाट म्हणून दाखवली जात होती ती त्याच विवरातली शिडी.

ती शिडी डोळ्यांसमोर आणून बघा. आत आग लागलीय किंवा स्फोट झालाय. धूर आणि विषारी वायू जाणार कुठून? हवा जिथून बाहेर जाते तिथूनच, म्हणजे विवरातून. आपण जगायला ज्या वाटेने चढायचं, ती त्या क्षणी खाणीची धुराडी झालेली असणार. पाठीवर किंवा पट्ट्याला लावलेलं श्वसनयंत्र साधारण अर्ध्या तासाचं. पायांत जड बूट, डोक्यावर दिवा, अंगावर ओले कपडे, दृष्टी शून्य, आणि शंभर मीटरहून जास्त उंचीची उभी चढण, म्हणजे तीस मजली इमारत शिडीने चढायची. धडधाकट माणसाला चांगल्या हवेत हे जड गेलं असतं. जखमी माणसाचा तर विचारच नको.

ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती असं नाही. कामगार बोलत होते, कंपनीने आराखड्यात नवी वाट धरलेली होती, सरकारी निरीक्षकानेही ती लवकर करा असं सांगितलं होतं. पण नवी वाट होईपर्यंत कोळसा काढायचा नाही, असं कुणी म्हटलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो कुठल्याच कागदावर 'निर्णय' म्हणून लिहिलेला सापडत नाही. काम चालू राहिलं आणि त्यातच निर्णय होऊन गेला.

कोळसा लवकर का हवा होता

कंपनीने गुंतवणूकदारांना 2008 पर्यंत वर्षाला दहा लाख टनांहून अधिक कोळशाचा शब्द दिला होता. नोव्हेंबर 2010 पर्यंत प्रत्यक्षात परदेशी गेलेला कोळसा 42,000 टन. मधली वर्षं बोगदा लांबण्यात, विवर ढासळण्यात, यंत्रं नीट न चालण्यात गेली. पैसे संपत होते, पुन्हा पुन्हा भांडवल मागावं लागत होतं. सप्टेंबर 2008 ते नोव्हेंबर 2010 या काळात कायद्याने जबाबदार असलेले सहा खाण व्यवस्थापक झाले. इतक्या वेळा माणूस बदलला की खाणीची स्मरणशक्तीच जाते. कुठली भिंत तात्पुरती आहे, कुठला सेन्सर भरवशाचा नाही हे नव्या माणसाला कुणी सांगेपर्यंत त्याची जायची वेळ आलेली असते.

कोळसा काढायची पद्धत होती पाण्याच्या जोरदार झोताने थर फोडायची. पद्धत वाईट नाही. जाड आणि तिरप्या थरात ती उपयोगी पडते. पण झोताने एका दमात पुष्कळ कोळसा सुटतो, तसा मिथेनही सुटतो, आणि कोळसा काढून झाल्यावर मागे मोठी पोकळी राहते. खाणीच्या भाषेत तिला गोफ म्हणतात. गोफमध्ये माणूस जात नाही आणि तिथे हवाही नीट फिरत नाही. वरचं छत केव्हातरी कोसळणार हे गृहीतच असतं. कोसळलं की आत साठलेला वायू पिचकारीसारखा बाहेर, माणसांच्या दिशेने फेकला जातो.

या पद्धतीने काम सुरू झालं सप्टेंबर 2010 मध्ये. ते वेळेत सुरू व्हावं म्हणून कामगारांना बोनस जाहीर झाला. ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेलं काम झालं तर माणशी 13,000 न्यूझीलंड डॉलर, आणि जसजसा उशीर होईल तसतशी रक्कम कमी. बोनस देण्यात काही गैर नाही. पण वायुवीजन अपुरं, मुख्य पंखा अजून नीट सुरूसुद्धा झालेला नाही, आणि बोनस आठवड्याला घटतोय, अशा स्थितीत पाळीवरच्या माणसाने काय निवडावं असं आपण त्याला सांगतोय, याचा विचार बोनस ठरवणाऱ्यांनी करायला हवा होता.

आयोगासमोर असंही आलं, की यंत्रावरचे मिथेन सेन्सर निकामी करण्याचे प्रकार घडत होते. कुणी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळत होतं. हे वाचलं की पहिला राग कामगारावर येतो. मलाही आला होता. पण पाळीवर उभं राहून बघा. हवा कमी, म्हणून मिथेन वर चढतो. मिथेन वाढला की सेन्सर यंत्र बंद पाडतो. दहा मिनिटांनी यंत्र सुरू करायचं, पुन्हा बंद. एका पाळीत असं पाच-सात वेळा झालं की दिवसभराचं काम मीटरभरसुद्धा पुढे सरकत नाही, आणि वर विचारणारा 'किती मीटर?' एवढंच विचारतो. सेन्सर आपलं काम चोख करत होता. पुरेशी हवा नाही, हेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पिशवी गुंडाळणारा माणूस चुकला, याबद्दल दुमत नाही. पण त्याच्या हातात पिशवी आली तोवर वरच्या चार-पाच जणांच्या चुका होऊन गेल्या होत्या, आणि सुरक्षेची पोस्टरं लावून त्या दुरुस्त होणाऱ्या नव्हत्या.

इशारे

आता त्या 21 नोंदींकडे परत. भूमिगत खाणीत पाळीचा पर्यवेक्षक, तिथल्या भाषेत डेप्युटी, हातातल्या मीटरने ठिकठिकाणी वायू मोजतो आणि पाळी संपली की अहवाल भरतो. या माणसाचा अहवाल खाणीच्या सुरक्षेचा कणा असतो, कारण प्रत्यक्ष कोळशासमोर उभा राहून मोजणारा तोच. पाईक रिव्हरच्या डेप्युटींनी अहवाल भरले. हे मुद्दाम सांगतो, कारण अपघातानंतर 'खालच्यांनी कळवलंच नाही' ही पळवाट सगळीकडे ऐकू येते. इथे खालच्यांनी कळवलं होतं. अहवाल वर गेले, फायलीत लागले. अपघात आणि त्रुटींचे वेगळे फॉर्मही भरले जात होते आणि त्यातले कित्येक उत्तराची वाट बघत पडून राहिले. एका महिन्यात किती वेळा, कुठल्या जागी, कुठल्या कामाच्या वेळी वायू वाढला, हे एका कागदावर मांडायचं काम कुणाचंच नव्हतं. संचालक मंडळापुढे जे यायचं त्यात मुख्यतः जखमी होऊन वाया गेलेल्या दिवसांचे आकडे असत. पाय मुरगळला, बोट चेपलं, पाठ धरली.

या दोन प्रकारच्या आकड्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. बोट चेपणं आणि खाण उडणं यांची कारणं वेगवेगळी असतात. बोटं चेपण्याचं प्रमाण शून्यावर आलं म्हणून स्फोटाची शक्यता तसूभरही कमी होत नाही. मोठ्या अपघाताची खूण बघायची तर वायूचे आकडे, हवेचा प्रवाह, बंद पडलेले सेन्सर, ढासळलेलं छत हे बघावं लागतं. पाईक रिव्हरच्या मंडळाने नेमकं हेच मागवलं नाही.

जमिनीवरच्या कंट्रोल रूमला खाणीतली हवा 'दिसावी' म्हणून कायमचे बसवलेले सेन्सर असतात. परतीच्या हवेचा, म्हणजे कामाच्या जागेवरून मिथेन घेऊन निघालेल्या हवेचा सेन्सर त्यात सर्वांत मोलाचा. विवराच्या तळाशी तो होता, पण आधी एकाच आकड्यावर अडकून बसला आणि ऑक्टोबरमध्ये साफ बंद पडला. तो बदलला नाही. नळ्यांमधून आतली हवा सतत बाहेर ओढून तपासणारी व्यवस्था, जी वीज गेल्यावरही उपयोगी पडते, ती तर खाणीत नव्हतीच. थरातला मिथेन आधीच भोकं पाडून नळीने बाहेर काढायची सोय होती, पण ती चार इंची नळी येणाऱ्या वायूला पुरत नव्हती. नळी मोठी करा, असं बाहेरच्या तज्ज्ञांनी सुचवलेलं होतं.

2010 च्या मध्यावर विम्यासाठी बाहेरच्या सल्लागारांनी खाणीची पाहणी केली. पाण्याच्या झोताने कोळसा काढताना वायूचा आणि छत कोसळून बसणाऱ्या हवेच्या धक्क्याचा धोका पुरेसा तपासलेला नाही, असं त्यांच्या अहवालात होतं. तो अहवाल संचालक मंडळापर्यंत पोचला नाही.

मग 30 ऑक्टोबरला गोफचं छत खरोखरच कोसळलं. हवेचा असा धक्का बसला की वाऱ्याची दिशा राखायला बांधलेली आडभिंत मोडली आणि मिथेन वर चढला. सुदैवाने ठिणगी पडली नाही. या घटनेशी मी नेहमी थांबतो. वीस दिवसांनी जे घडायचं होतं त्याची ही जवळजवळ पूर्ण रंगीत तालीम होती. कोसळलेलं छत, बाहेर फेकलेला वायू, मोडलेली भिंत, सगळं त्यात होतं. फक्त ज्योत तेवढी नव्हती. अशा दिवशी काम थांबवून, ते का झालं हे शोधल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नसतं. भिंत दुरुस्त झाली आणि काम सुरू झालं.

शुक्रवार, दुपारी पावणेचार

त्या दुपारी आत 31 माणसं होती. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरने आतला एक पंप सुरू केला आणि पुढच्या काही क्षणांत आतल्या सगळ्या यंत्रांशी संपर्क तुटला. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या कॅमेऱ्यात आतून हवेचा लोट बाहेर येताना दिसतो. तो सुमारे 52 सेकंद चालला.

आत काय झालंय हे बाहेर कुणालाच नक्की कळेना. फोनला उत्तर नाही, आकडे येत नाहीत. एका इलेक्ट्रिशियनला बघायला आत पाठवलं. वायूची खात्री न करता एकट्याला असं आत पाठवणं हेच केवढं धोक्याचं होतं. आत त्याला जमिनीवर पडलेला माणूस दिसला, विषारी हवेची चाहूल लागली आणि तो मागे फिरला. पोलीस आणि बचाव यंत्रणेला फोन गेला 4 वाजून 26 मिनिटांनी, म्हणजे स्फोटानंतर जवळपास 40 मिनिटांनी.

5 वाजून 26 मिनिटांनी दोन माणसं बोगद्यातून चालत बाहेर आली. एक जण धक्क्याने पडला होता, कार्बन मोनॉक्साईडने बेशुद्ध झाला होता, शुद्धीवर आल्यावर बाहेर निघाला आणि वाटेत अर्धवट शुद्धीत पडलेल्या दुसऱ्याला ओढत, आधार देत घेऊन आला. दोघेही स्फोटाच्या वेळी बोगद्यातच होते. कामाच्या जागी असलेल्यांपैकी कुणीच आलं नाही. आत प्राण गमावलेल्या 29 जणांपैकी 16 कंपनीचे, 13 कंत्राटदारांचे. सगळ्यात मोठा 62 वर्षांचा, सगळ्यात लहान 17 चा.

पुढच्या पाच दिवसांत बचावपथकं तोंडाशी सज्ज उभी होती आणि त्यांना आत सोडलं गेलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे क्रूर वाटतं. त्या वेळी घरच्यांना तसंच वाटलं, आणि ते अगदी स्वाभाविक होतं. पण आत हवा कशी आहे हे सांगणारं एकही भरवशाचं साधन उरलं नव्हतं. जमिनीखालचा पंखा गेला होता, वरच्या राखीव पंख्यालाही स्फोटाने इजा झाली होती, हवा मोजायच्या नळ्या नव्हत्याच. आत आग असेल, मिथेन पुन्हा साठत असेल, तर जाणारे बचावकर्ते मरणार. 24 नोव्हेंबरला दुपारी दुसरा स्फोट झाला. पथक आत असतं तर मृतांची संख्या वाढली असती. 26 आणि 28 तारखेला आणखी दोन स्फोट झाले. पहिल्या स्फोटातच किंवा त्यानंतर लगेच सगळे गेले असावेत, असा निष्कर्ष पुढे निघाला. घरच्यांना मात्र पाच दिवस आशेवर ठेवलं गेलं. आतल्या परिस्थितीची खरी माहिती आधीच दिली असती तर ते पाच दिवस तसे गेले नसते. आयोगाने यावरही बोट ठेवलं, आणि मला तो भाग वाचताना सर्वांत जास्त त्रास होतो.

आयोगाला काय सापडलं

न्यायमूर्ती ग्रॅहम पँकहर्स्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगाचा अहवाल नोव्हेंबर 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या प्रमाणात साठलेला मिथेन पेटला एवढं निश्चित. तो बहुधा गोफमधून आला, छत कोसळून बाहेर फेकला गेला असावा. ठिणगी कशाची, हे पक्कं ठरवता आलं नाही. पंप सुरू होणं आणि स्फोट होणं यांची वेळ जुळते, त्यामुळे विजेच्या उपकरणांवर संशय आहे.

आयोगाने कंपनीला सोडलं नाही आणि सरकारलाही. खाणीच्या सुरक्षा व्यवस्था पुरेशा होईपर्यंत कामगार खात्याने काम बंद ठेवायला लावायला हवं होतं, असं त्याने स्पष्ट म्हटलं. अहवाल बाहेर आला त्याच दिवशी कामगारमंत्री केट विल्किन्सन यांनी त्या खात्याचा राजीनामा दिला.

खात्याची ही अवस्था का झाली याला वीस वर्षांचा इतिहास आहे. 1992 मध्ये न्यूझीलंडने नवा कायदा आणला. आधी खाणींसाठी तपशीलवार नियम होते. नव्या कायद्याचा गाभा असा, की धोका कसा आटोक्यात ठेवायचा ते मालकाने ठरवावं, सरकारने वाटेत येऊ नये. खाणींचं वेगळं निरीक्षक दल विरत गेलं आणि सगळ्या देशाच्या खाणींसाठी दोन निरीक्षक उरले. कामगारांनी निवडलेले तपासनीस, जे स्वतः खाणीत फिरून हवा बघत, तीही पद्धत गेली. विचार म्हणून 'धोका ओळखणाऱ्यानेच उपाय करावा' हे ऐकायला बरं वाटतं. पण ज्याचे पैसे संपत आलेत तोच धोका मोजणारा असेल, तर तो हमखास कमीच मोजणार. अशा वेळी बाहेरचा डोळा लागतो, आणि त्या डोळ्याला काम थांबवायचा अधिकार लागतो.

याच भागात 1896 मध्ये ब्रनर खाणीत 65 माणसं गेली होती आणि 1967 मध्ये स्ट्राँगमन खाणीत 19. त्या मरणांमधूनच जुने तपशीलवार नियम आले होते. ते रद्द करणाऱ्यांना ते जुनाट आणि जाचक वाटले.

नंतर

कंपनी दिवाळखोरीत गेलेली होती. तिच्यावर नऊ आरोप सिद्ध झाले, 7,60,000 डॉलर दंड आणि 34,10,000 डॉलर भरपाई ठरली, म्हणजे 29 मृतांची कुटुंबं आणि दोन वाचलेले अशा 31 जणांना प्रत्येकी 1,10,000. कंपनीकडे द्यायला पैसेच नव्हते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावरचे 12 आरोप डिसेंबर 2013 मध्ये मागे घेतले गेले आणि तेवढीच, 34,10,000 डॉलरची रक्कम विम्यातून कुटुंबांना मिळाली. पैशांच्या बदल्यात खटला मागे घेण्याची ही तडजोड बेकायदा होती, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये ठरवलं. दोन कुटुंबीय स्त्रिया इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या म्हणून ते तरी झालं. एकाही माणसाला या 29 मृत्यूंसाठी तुरुंगात जावं लागलं नाही.

कायदे मात्र बदलले. 2013 मध्ये खाणींचे स्वतंत्र नियम आले आणि कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी वर्कसेफ ही वेगळी सरकारी संस्था सुरू झाली. वायू, छत, आग, वायुवीजन अशा मोठ्या धोक्यांसाठी प्रत्येकी लेखी आराखडा बंधनकारक झाला. कामगारांचे प्रतिनिधी पुन्हा आले, आणि धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार त्यांच्या हातात आला. 2015 च्या कायद्याने संचालकांवर व्यक्तिशः जबाबदारी टाकली. आपल्या धंद्यात मोठे धोके कोणते आणि ते आटोक्यात आहेत का, हे स्वतः जाणून घेणं आता त्यांचं कर्तव्य आहे. 'माझ्यापर्यंत अहवाल आलाच नाही' हे उत्तर चालत नाही, तो मागवायला हवा होता. पाईक रिव्हरच्या संचालकांना ही एकच गोष्ट लागू असती तर विम्याच्या पाहणीचा तो अहवाल टेबलावर आला असता, आणि 21 नोंदींचा हिशेब कुणीतरी विचारला असता, असं मला मनापासून वाटतं.

भूमिगत खाणीत काम करणाऱ्या किंवा खाणीच्या ऑफिसात बसणाऱ्या कुणीही हे प्रकरण वाचत असेल, तर एक साधं काम सुचवतो. गेल्या दोन महिन्यांचे पाळीचे अहवाल काढा आणि वायूच्या नोंदी, हवेच्या प्रवाहाचे आकडे, बंद सेन्सर आणि छत पडल्याच्या घटना एका मोठ्या कागदावर तारखेने आणि जागेने मांडा. सुरक्षा बैठकीत तोच कागद मधोमध ठेवा. मग दुसरी वाट दाखवणाऱ्या फलकापाशी जा आणि एकदा त्या वाटेने पूर्ण बाहेर पडून बघा, घड्याळ लावून, श्वसनयंत्र जितका वेळ चालतं तेवढ्यातच.

2018 मध्ये सरकारने खाणीत पुन्हा शिरण्यासाठी वेगळी यंत्रणा उभी केली. मे 2019 मध्ये बोगद्याचं सील उघडलं. टप्प्याटप्प्याने छत सांभाळत, हवा तपासत माणसं पुढे सरकली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये सुमारे 2.2 किलोमीटरवर कोसळलेल्या दगडांपाशी पोचली. बोगद्यात एकही मृतदेह मिळाला नाही. त्याच वर्षी पोलिसांनी डोंगरावरून भोकं पाडून आत कॅमेरे सोडले, तेव्हा खाणीच्या आतल्या भागात किमान दोन माणसांचे अवशेष दिसले. बाहेर काढता येतील अशा जागी ते नाहीत. ज्याच्या मोटरबद्दल इतके प्रश्न विचारले गेले तो मुख्य पंखाही त्या कोसळलेल्या दगडांच्या पलीकडेच आहे. तिथपर्यंत कुणी पोचलेलं नाही.